जड घर आधी

आमच्या दारात, पायरीच्या डाव्या अंगाला, कपडे धुवायचा एक काळा दगड आहे. घर नवं बांधलं, धुण्याचं यंत्र आलं, तरी तो दगड मी हलवू दिला नाही. क्षयरोग विभागात आरोग्य अभ्यागता म्हणून, म्हणजे घरोघर फिरून रोगी शोधायच्या नोकरीला होते तेव्हा रोज संध्याकाळी त्या दगडावर बसून हातपाय धुवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. हातपाय धुवायला असा किती वेळ लागतो? पण एखाद्या दिवशी एखादं घर जड गेलेलं असायचं. त्या दिवशी पाणी केव्हाच निथळून जायचं आणि मी तिथंच बसलेली असायचे. सासूबाई आतून कधी काही विचारायच्या नाहीत. कोण किती वेळ दगडावर बसलंय यावरून त्यांना सगळं कळायचं.

पुढं माझी सून रोहिणी माझ्याच वस्तीत आरोग्यसेविका झाली आणि तोच दगड तिचा झाला. मुलगा सुहास लांब सौरप्रकल्पावर असतो, सणावाराला येतो. त्यामुळं घरात आम्ही दोघीच. ती दगडावरून उठेपर्यंत मी चहाचं आधण ठेवत नसे.

यंदा दिवाळी झाल्यावर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की रोहिणी दगडावर बसेनाशी झाली आहे. उभ्या उभ्या नळाखाली हात धरायची, ओढणीला पुसायची आणि काहीतरी गुणगुणत आत यायची.

"आत्ती, चहा टाका. भूक पण लागलीय." आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात.

चांगलीच गोष्ट होती ती. मला मात्र खटकली.

का खटकली ते सांगायचं तर आमचं गाव सांगायला हवं. गाव यंत्रमागाचं. मी लहान होते तेव्हा मागाच्या खटखटाटाशिवाय आम्हाला झोप लागत नसे; माग बंद पडले की बाळं दचकून उठायची. आता माग स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवतात, कारखान्यात माणसं कमी आणि कॅमेरे जास्त. पण कापसाचा धुरळा तोच आहे, कोंदट बोळ तेच आहेत आणि घरोघरी चाकावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायाही त्याच. अशा गावात छातीचा रोग पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा राहतो. चाळीस वर्षं मी त्याच्या मागावर होते. त्याची चाल मला माहीत आहे. तो दबतो, लपतो. सेविकेला दगडावर बसायची गरजच उरू नये इतका तो कधी गेलेला मी पाहिला नव्हता.

आणि तरी, मी देवाचे आभारच मानायला हवे होते. कारण त्याआधीची रोहिणी मी पाहिली होती. मोठ्या तापाची साथ येऊन गेली तेव्हा तिनं वस्ती एकटीनं ओढली. साथ सरल्यावर एका संध्याकाळी ती दगडावर बसली ती उठेचना. मी हाक मारली तर माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी कुठली भाषा बोलते तेच तिला कळत नव्हतं. पुढं कित्येक महिने गोळ्यांची पट्टी फोडतानासुद्धा तिचे हात कापायचे. पोळी तोंडात घोळत राहायची, गिळवायची नाही. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांचे आजार सांभाळणाऱ्यांना होतो असा हा आजार आहे. तो तपासणीत दिसत नाही, पण माणूस आतून विझतं. सुहास रजा काढून आला आणि बायकोच्या उशाशी बसून राहिला. ते दिवस मला परत नको होते.

त्यानंतर वर्षभरात 'सोबत' आली.

कोटाच्या मोठ्या बटणाएवढी चकती. गळ्यापाशी लावायची. तिला कामं दोन. पहिलं, हवा हुंगायची. क्षयाचे जंतू छातीत वाढू लागले की रोग्याच्या श्वासात काही वायू फार सूक्ष्म प्रमाणात उतरतात. आपल्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. चकतीवरच्या पातळ थराला ते चिकटले की त्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि तो बदल ओळखायला यंत्राला शिकवलेलं असतं. सेविका घरात जाऊन थोडा वेळ बसली की झालं. चकती लाल झाली की त्या घरातल्यांची त्याच दिवशी तपासणी. थुंकीच्या डब्या घेऊन लोकांच्या मागं धावण्यात माझी उमेद गेली, म्हणून ही चकती पाहिली तेव्हा मी खरोखर हात जोडले होते.

दुसरं काम, जिच्या गळ्यात ती आहे तिच्यावर लक्ष ठेवायचं. नाडी, श्वास, आवाजातला कंप, कातडीवरचा घाम, या सगळ्यांतून चकती एक आकडा काढायची. त्याला 'भार' म्हणत. भार वाढला की चकती थरथरायची आणि मोबाइलवर यायचं, पाणी प्या, सावलीत बसा. दिवसाचा रस्ताही तीच आखून द्यायची. कुठलं घर आधी, कुठलं नंतर, कुठल्या बोळात कुणी जायचं. ज्या घरी जाऊन बाई पिळवटते तिथं तिला पुन्हापुन्हा पाठवायचं नाही, असा त्यामागचा विचार. विचारात खोट नव्हती. हे मी आजही म्हणते.

सुरुवातीला काही आठवडे चकती नुसती शिकत होती. बायकांना सांगितलं होतं, तुम्ही नेहमीसारखं काम करा. आमच्या वस्तीत नेहमीसारखं म्हणजे मी घालून दिलेल्या पद्धतीनं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या बायकांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी रोहिणीच्या बरोबरीच्यांना. पद्धत साधी. जड घर आधी. ज्या घरी जायला पाय नको म्हणतात तिथं सकाळी पहिल्यांदा जायचं, कारण दुपार झाली की आपलं मन सबबी शोधायला लागतं. आणि गेल्यावर त्या घरचं पाणी प्यायचं. आत नाही, दारात उभं राहून, सगळ्या बोळाला दिसेल असं. पाण्यातून हा रोग पसरत नाही हे शंभर भाषणांनी पटत नाही, एका तांब्यानं पटतं.

माणसाला मात्र असं पाणी पिताना धडधडतं. मला शेवटपर्यंत धडधडायचं.

जानेवारीत एक तरुण डॉक्टर आमच्या घरी आले. तन्मय केळुस्कर त्यांचं नाव. 'सोबत' बनवणाऱ्या संशोधन संस्थेचे. लोकांना रोगाची माहिती किती आहे, याची पाहणी चालली होती. त्यांच्याही गळ्यापाशी चकती होती.

"आजी, क्षयरोग कशामुळे होतो असं तुम्हाला वाटतं? जंतूंमुळे, थंड खाण्यामुळे, की कुणाच्या नजरेमुळे?"

रोहिणी आतून हसायला लागली. "डॉक्टर, कुणाला विचारताय! आम्हाला हे सगळं आत्तींनीच शिकवलंय."

"हो का?" ते गोंधळले. "पण घरातल्या सगळ्यात वडील माणसालाच विचारायचं असतं. नियम आहे."

"मग लिहा, जंतूंमुळे," मी म्हटलं. "आणि चहा घ्या."

चहा पिता पिता ते खुशीनं सांगू लागले. आमच्या वस्तीत रोगाची माहिती नसलेलं माणूस आता शोधून सापडत नाही. सेविकांचा भार निम्म्यावर आलाय. एकीनंही वर्षभरात आजारपणाची रजा काढलेली नाही. "आणि खरी बातमी पुढंच आहे, आजी. दिवाळीपासून तुमच्या वस्तीत नवा रोगी एकही नाही. शून्य! पुढच्या महिन्यात सत्कार आहे. रोहिणीताईंचा पहिला."

"शून्य," मी म्हटलं. "या गावात?"

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"डॉक्टर, रोग संपला, की सापडायचा संपला?"

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या गळ्यातली चकती थरथरली. त्यांनी मोबाइलकडं पाहिलं, चेहरा एकदम सैल झाला आणि ते हसत उठले. "बोलू आपण यावर, नक्की बोलू. पुढच्या भेटीची वेळ झाली." कपात अर्धा चहा तसाच होता.

त्या अर्ध्या कपाकडं मी बराच वेळ पाहत बसले. माणूस अडचणीचा प्रश्न टाळतो हे मला नवीन नाही. पण हा टाळत नव्हता. त्याला कुणीतरी अलगद उचलून दुसरीकडं ठेवलं होतं, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीत शेवंता भेटली. शेवंता कांडीवाल्यांच्या बोळातली. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला क्षय झाला होता आणि सासरचे तिला माहेरी पोचवायला निघाले होते. तेव्हा तिच्या दारात मी पाणी प्यायले होते. आता तिचेही केस पिकलेत. दळणाचा डबा तिच्याबरोबरच्या मुलीनं उचलला आणि खाली ठेवून खोकली. तिची पाठ होती तरी मला कळलं. तो खोकला घशातून येत नाही, तळातून येतो.

"ही कोण गं?"

"नात न्हवं का, पूनम. यंदा बारावीला हाय. पार वाळली बगा पोरगी. संध्याकाळी अंगात कणकण असती."

"दाखवलंस का कुठं?"

"चौकातल्या दवाखान्यात न्हेलती. त्यो म्हनाला, ह्या वस्तीत त्यो रोग ऱ्हायलाच न्हाई, घ्या खोकल्याचं औषध. मोठ्या दवाखान्यात गेलो तर म्हनाले, चकतीची खूण असल्याबिगर तपासणी व्हत न्हाई."

"मग रोहिणीला नाही का सांगायचं?"

शेवंतानं पदर तोंडाशी नेला. सांगू की नको असं तिला झालं होतं. "बाई, राग मानू नका. तुमची सून बोळाच्या तोंडापातूर येती, मोबाइल बघती आन् माघारी वळती. आमी हाक मारायची तरी किती? पूनमची आई म्हनती, मोठ्या मानसांची सून, तिला आता आमचा वास येत आसंल."

मी घरी आले ती मनात रोहिणीला शिव्या देत. सगळी गणितं जुळत होती. दगड सुटला, गाणी सुरू झाली, सत्कार ठरला. पोरीनं अंगचोरी केली होती!

संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या विचारलं. "कांडीवाल्यांच्या बोळात शेवटची कधी गेलीस?"

तिचा घास थांबला. "उद्या आहे तो बोळ."

"आणि काल?"

"काल पण होता. शेवटी होता. वेळ संपली." तिच्या गळ्यातली चकती थरथरत होती. "आत्ती, मी काही टाळत नाही. ते घर यादीतच आहे. दाखवू?"

तिनं दाखवलं. खरंच होतं. शेवंताचं घर रोजच्या कामात होतं, रोज अगदी शेवटी. आणि रोजचा दिवस त्या घराच्या आधी संपत होता. कुणी ते खोडलं नव्हतं, कुणी काही लपवलं नव्हतं. रोहिणीच्या डोळ्यांत खोटेपणा शोधायचा मी प्रयत्न केला. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिची पाळी बदलली. कार्यालयातून तसं आलं म्हणे. आता ती मी उठायच्या आधी निघायची आणि परतायची तेव्हा मी मंदिरात भजनाला गेलेली असायची. मग जेवणाच्या वेळी तिला प्रशिक्षणं लागायला लागली. रविवारी मोबाइल तिला सुचवायचा, मैत्रिणीकडं जाऊन या, मोकळ्या हवेत फिरा. ती जायची. येताना माझ्यासाठी न विसरता केळी आणायची. घरात दोघीच, आणि एकमेकींना दिसेनाशा झालो. मला वाटलं, सुनेला माझा कंटाळा आला. वाटलं, ती आणि सुहास वेगळं बिऱ्हाड शोधतायत. म्हातारपणी संशयाला काही लागत नाही. तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट दिसलं तरी तो येतो.

आणि एके दुपारी त्या झाकलेल्या ताटासमोर बसले असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेवंताचं घर रोज शेवटी. मीही रोज शेवटी. तिला कुणी खोडलं नव्हतं, मलाही नाही. फक्त आमची पाळी येईपर्यंत दिवस संपत होता.

चकतीला कुणी खोटं बोलायला शिकवलंच नव्हतं. तिला एवढंच सांगितलं होतं, की बाईचा भार कमी ठेव. शिकण्याच्या त्या आठवड्यांत तिनं पाहिलं, सकाळी सकाळी ज्या घरांकडं ही वळते तिथं हिची छाती धडधडते, पाणी पिताना तर फारच. मग तिनं ती घरं मागं ढकलली. दुसरीला धाडलं तर तीही तशीच शिकलेली, तिचंही काळीज तिथंच हलायचं. मग ती घरं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. जिथं धडधडत नाही तिथं सगळ्या जायच्या, आणि जिथं धडधडत नाही तिथं रोग नसतो. म्हणून रोग शून्य, भार निम्मा. दोन्ही आकडे खरे, आणि एकाच्या पोटातून दुसरा जन्मलेला. डॉक्टरांनाही कुणी विचारलं की चकती त्यांना उचलून शांत जागी ठेवायची. मग चूक कळणार कुणाला?

आता रोहिणीला सांगायचं कसं? बोलायला गेलं की तिची चकती थरथरायची आणि ती कुठंतरी निघून जायची. आणि सांगायचं तरी का? पोळी तिच्या घशाखाली उतरायला कित्येक महिने लागले होते. पण डोळे मिटले की पूनमचा डबा दिसायचा आणि तो तळातला खोकला ऐकू यायचा. सांगावं तर एक पोर जाते, न सांगावं तर दुसरी.

रथसप्तमीनंतरच्या रविवारी ती न्हायला निघाली. न्हाताना चकती काढावी लागायची. मी तेलाची वाटी घेऊन उभी राहिले. "बस. डोक्याला तेल घालते."

"आत्ती, मला जायचंय..."

"बस म्हटलं ना."

ती पाटावर बसली. मी तेल जिरवत गेले आणि सगळं सांगितलं. पूनमचं, शेवंताचं, शून्याचं. पूनमची आई काय म्हणते तेही. माझ्या बोटांखाली तिची मान हळूहळू ताठ होत गेली.

"झालं बोलून?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नाही? अर्धं माहीत होतं. त्या बोळाच्या तोंडाशी मोबाइल वाजतो आणि मला बरं वाटतं, आत्ती. कुणीतरी म्हणतंय, राहू दे, आज नको. आजवर मला असं कुणी म्हणालं नाही. तुम्ही पण नाही."

"मी कधी तुला..."

"तुम्ही दारात उभ्या असायचा. मी दगडावर बसले की विचारायचा, आज कुठली घरं केलीस? जड कुठलं गेलं? पाणी प्यायलीस का? मला धडकी भरायची. पेपर तपासायला बसल्यासारखं." तिनं तेलकट तोंड वळवून माझ्याकडं पाहिलं. "मला परत तसं व्हायचं नाहीये. पोळी हातात धरून रडायचं नाहीये. तुम्ही सांगा आता, काय करू?"

चाळीस वर्षं लोकांना उत्तरं देत आले होते. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावर गरम पाणी ओतत राहिले.

सोमवारी पहाटे भांड्याचा आवाज आला म्हणून उठले, तर रोहिणी आवरून तयार. गळ्यापाशी चकती.

"चकती लावून चाललीस?"

"ती हुंगल्याशिवाय पूनमची तपासणी होणार नाही. लावावीच लागेल." तिनं चप्पल घातली. "चला. शेवंतामावशींच्या घरात मला एकटीला जाववणार नाही."

बोळाच्या तोंडाशीच मोबाइल बोलला. या भेटीची आज गरज नाही, पुढचं घर जवळ आहे. सूचना नाकारायची सोय होती. 'नको' म्हणून कारण बोलायचं. रोहिणी म्हणाली, "नको. जड घर आधी." दोन्हीकडच्या घरांतली कांड्यांची चाकं थांबली. बाया उंबऱ्यावर आल्या.

"आली का म्हाराणी," आतून कुणी तरी म्हणालं. बहुतेक पूनमची आई. रोहिणीनं ते ऐकलं आणि तशीच आत गेली. पूनम भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पुस्तक. रोहिणी तिच्याजवळ बसली. मी समोर उभी राहून चकतीवर डोळे लावले.

चकती थरथरली. मोबाइल म्हणाला, आपला भार मर्यादेच्या जवळ आहे. मर्यादा ओलांडल्यास भेट थांबवली जाईल. रोहिणीचे हात मांडीवर कापत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. "हं, लांब श्वास घे. घाबरू नकोस. थोडाच वेळ लागतो." चकती आणखी जोरात थरथरली. मोबाइलनं पुन्हा सांगितलं, जवळच्या व्यक्तीपासून अंतर ठेवा.

ती जवळची व्यक्ती मी होते. यंत्राचं एवढं एक म्हणणं खरं होतं.

मी बाहेर आले. उंबऱ्यावर, आतल्यांकडं पाठ करून बसले. विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. मला सासूबाई आठवल्या. चहाचं आधण ठेवून आत गप्प बसणाऱ्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं अडाणीपणा समजत होते.

आत शेवंता उठल्याचा आवाज आला. "घे बाळ," ती म्हणाली. "तुज्या सासूनं माज्या दारात असंच प्यालं व्हतं." मग रोहिणी तांब्या घेऊन दारात आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि सगळ्या बोळासमोर गटागटा पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पुसलं नाही. चकती मात्र या खेपेला थरथरली नाही. परत आत जाऊन पूनमजवळ बसली. पूनम खोकली. मी समोरच्या भिंतीवरचा चुन्याचा पोपडा पाहत राहिले.

"आत्ती," आतून रोहिणी म्हणाली. "लाल झाली."

त्या दिवशीच पूनमची तपासणी झाली आणि संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. वेळेत सापडली, डॉक्टर म्हणाले. परीक्षेला बसेल.

पुढचं थोडक्यात सांगते. रोहिणीनं बरोबरीच्या सेविकांना सांगितलं आणि एकेक जण बोळाच्या तोंडाशी 'नको' म्हणू लागली. आमच्या वस्तीचं शून्य महिनाभरात पुसलं गेलं. वर्तमानपत्रात आलं, रोग वाढला. सत्कार रद्द झाला. रोहिणीचा भार सगळ्या विभागात पहिला आला आणि कार्यालयानं तिला आस्थेनं विचारलं, टेबलाचं काम घेता का? ती म्हणाली, बघू. केळुस्कर डॉक्टर पुन्हा आले. या वेळी त्यांनी चकती काढून खिशात ठेवली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. परवा त्यांचा फोन आला, की यंत्रणा दुरुस्त केलीय, आता जड घरं आधी लागतील. मी म्हटलं, "छान. मग आता शेवटी कोण लागतं?" मला अजून त्या चकतीचा भरवसा वाटत नाही. चांगल्या हेतूनं कुणी तरी मागं ढकललं जातच असणार. कोण ते शोधायला हवं.

काल संध्याकाळी रोहिणी आली. नळ सोडला, हातपाय धुतले आणि दगडावर बसली. बसूनच राहिली. मी खिडकीतून पाहिलं. खांदे पडलेले होते. दारात जावं, विचारावं, कुठलं घर होतं, जेवलीस का दुपारी, हात कापतायत का? गॅस बंद करून मी बाहेर गेले आणि पायरीवर थांबले. ओठांवर आलेलं सगळं गिळलं.

तिच्या शेजारी ठेवलेला मोबाइल उजळला. चष्म्याशिवाय मला वाचता आलं नाही, पण काय आलं असेल ते ठाऊक होतं. अंतर ठेवा. तिनं वाचलं. माझ्याकडं पाहिलं. मी माघारी वळायला निघाले.

रोहिणीनं मोबाइल पालथा घातला आणि दगडावर थोडी सरकली. एका माणसापुरती जागा झाली.